पाठीवर हिरवं पडलं म्हणजे कुजलं असं नाही

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. ते थोडं आवरून देतो.

‘आमच्याकडं पाच गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. तीन दिवसांमागं भर दुपारी परड्यात कालवा झाला. धावत गेले तर नुकतीच अंड्यावर आलेली तलंग भिंतीकडंला पडलेली, पिसं सगळीकडं. कुत्रं होतं की मुंगूस, दिसलं नाही. पाठीवरची कातडी तळहाताएवढी फाटलीय, आतलं लाल मांस दिसतंय. डावा पंख लोंबतोय. शेजारच्या काकू म्हणाल्या तंबाखू भिजवून बांध. मी ती लावली नाही, खोबरेल तेलात हळद कालवून थापली. आज जखमेच्या कडेची कातडी हिरवी झालीय. शीटसुद्धा हिरवी आणि पातळ. पाणी पिते, पण दाण्याला तोंड लावत नाही. सासूबाई म्हणतात मांस कुजलं, आता कापून मोकळी हो. ती जगेल का? आणि मधे एक अंडं दिलंय, ते खाल्लं तर चालेल का?’

ताई, सासूबाईंना सांगा, सुरी तूर्त ठेवून द्या. अंडं मात्र बाजूला ठेवा, त्याचं पुढं सांगतो.

हिरव्या कातडीनं घाबरू नका. आपल्याला मुका मार लागला की जागा आधी निळी-जांभळी होते आणि मग पिवळी पडते. कोंबडीचं तसं होत नाही. साकळलेलं रक्त मोडताना तिच्या अंगात त्याचा रंग हिरव्यावर येऊन थांबतो, कारण त्याचं पुढं पिवळं करणारं एन्झाइम पक्ष्यांत जवळपास नसतंच. म्हणून दाबल्या-चेचलेल्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोपटी ते गडद हिरवी छटा येते आणि आठवड्याभरात फिकी होत जाते. तुमच्या कोंबडीचं वेळापत्रक याला धरूनच आहे. कुजलेलं मांस ओळखायला डोळ्यापेक्षा नाक आणि बोट जास्त कामाला येतं. कातडी काळी किंवा राखाडी पडलीय का, बाकी अंग गरम असताना तेवढीच जागा गार लागते का, आणि जवळ गेल्यावर मेलेल्या उंदरासारखा वास येतो का, ते बघा. तिन्ही नसतील तर तो मुका मारच.

शीट हिरवी असण्याचं कारण निराळं आहे. पोटात दाणा नसला की नुसतं पित्त खाली येतं आणि शीट हिरवी, पाण्यासारखी पडते. ती उपाशी आहे एवढाच त्याचा अर्थ. खायला लागली की दोन दिवसांत शीट तपकिरी होईल आणि तिच्यावर पांढरी टोपी दिसेल.

आता खरी काळजी कशाची, ते सांगतो. पाठीवरचं ते मोठं लाल मांस बघून घरातली सगळी माणसं हबकलीत. पण तळहाताएवढी उघडी जखम कोंबडी आश्चर्य वाटावं इतकी छान भरून काढते. हल्ल्यातनं पहिला दिवस काढलेली कोंबडी चौथ्या-पाचव्या दिवशी दगावते ती बहुतेक वेळा न दिसलेल्या भोकामुळं. दात आत जातो आणि बाहेर येतो. वर तांदळाएवढं छिद्र राहतं, ते दिवसभरात बंद होतं आणि जनावराच्या तोंडातली घाण आत कोंडते. मांजर आणि कुत्र्याच्या लाळेत पाश्चुरेला नावाचे जंतू असतात. कोंबड्यांना कॉलरा होतो तो याच जातीच्या जंतूंनी. ते रक्तात गेले तर सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान टाकते.

म्हणून आज पहिलं काम ही भोकं शोधायचं. दिवसाउजेडी, दोघांनी मिळून करा. एकानं जुन्या टॉवेलात कोंबडी गुंडाळून मांडीवर धरायची, डोकं झाकायचं म्हणजे ती शांत राहते. छातीवर दाब देऊ नका. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच तिचा श्वास चालतो, त्यामुळं घट्ट आवळलेली कोंबडी हातातच गुदमरते. उताणी धरूनही ठेवू नका. दुसऱ्यानं पिसांवर उलट्या दिशेनं फुंकर मारत कातडी बघायची: दोन्ही पंखांखाली, छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी, मांड्यांच्या आत, शेपटीच्या बुडाशी, मानेभोवती. भोकं जोडीनं असतात. पाठीवर एक सापडलं तर त्याच्या समोरचं पोटाकडं असणारच, कारण जबड्याला वरचे आणि खालचे दोन्ही दात असतात. सापडलेल्या जागेभोवतीची पिसं कात्रीनं बुडाशी कापा. उपटू नका. कोंबडीची कातडी ओल्या कागदासारखी पातळ असते, पिसाबरोबर तीही फाटून येते. पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं घ्या. चोच उघडून धापा टाकायला लागली तर तिथंच थांबा आणि तासाभरानं पुढचं करा.

भोकाभोवती कडक गाठ लागली तर दाबून पू काढायला जाऊ नका. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो. दाबून तो बाहेर येत नाही, उलट आत पसरतो. डॉक्टरच चीर देऊन खडा काढतात तसा तो काढतात.

दुसरं काम, तेल-हळद उतरवायची. तंबाखू लावली नाहीत हे फार बरं केलंत. निपाणी-चिकोडीकडं तंबाखू घरोघरी, त्यामुळं जखमेवर ती दाबायची सवय आपल्या सगळ्या भागात आहे. पण उघड्या मांसातनं निकोटिन सरळ रक्तात जातं. दीड किलोच्या पाखराला ते झेपत नाही, झटके येऊन मरतं. हळदीचा तसा धोका नाही, अडचण आहे ती तेलाची. तेल पिसांत मुरलं की पिसं चिकटतात, त्यांच्यातली हवा जाते आणि अंगाची ऊब टिकत नाही. तुमच्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तिथं तेलकट कोंबडी रात्रभर कुडकुडते. वर हळदीची खपली धरली की खाली काय चाललंय ते दिसत नाही, आणि माशीला नेमकी तशीच जागा हवी असते.

धुवायला मेडिकलमधनं ५०० मिलीची सलाईनची बाटली (नॉर्मल सलाईन, डेक्स्ट्रोजची नव्हे) आणि २० मिलीची सिरिंज आणा, सुई काढून टाका. सलाईन नसेल तर एक लिटर पाणी दहा मिनिटं खळखळा उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ घाला. घरातल्या छोट्या चमच्यानं दीड चमचा, सपाट भरून. मनगटावर कोमट लागेल इतकं निवू द्या. गार पाण्यानं जखम धुतली तर आधीच गारठलेली कोंबडी आणखी गारठते. कोमट सलाईनमध्ये भिजवलेली गॉजची घडी खपलीवर दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की अलगद पुसून घ्या. जिथं निघत नाही तिथं ओढू नका, उद्या निघेल. मग सिरिंजनं, जखमेला तिरपी धार लावत, पाव लिटरभर सलाईन सोडा. पाणी खाली वाहून जायला हवं, आतल्या खोबणीत साचायला नको. चामडीची झालर सुटून आत खिसा झाला असेल तर त्याच्या तळाशी पीस, माती, काडी अडकलेली असते. ती चिमट्यानं काढली नाही तर वरनं जखम भरते आणि आतनं पुन्हा फुगते.

त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन, पण बाटलीतलं तसंच ओतू नका. ५ टक्क्यांचं असेल तर एक चमचा औषधाला नऊ-दहा चमचे सलाईन घाला. रंग पातळ कोऱ्या चहासारखा आला पाहिजे. दाट औषधानं जंतूंबरोबर नवीन येणारं मांसही जळतं. हायड्रोजन पेरॉक्साईडचा फेस बघून समाधान वाटतं खरं, पण नव्या मांसाचं तेच होतं. फिनेल, रॉकेल, चुना, राख यातलं काही नको. मेडिकलवाल्यानं बधीर करणारं मलम दिलं, नावाच्या शेवटी ‘केन’ असलेलं, तर परत करा. चोचीनं टोचून ते पोटात जातं आणि पक्ष्यांना बाधतं. भाजल्यावर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम चालतं. ते पाण्यात धुतलं जातं. खालचं मांस दिसत राहील इतकाच पातळ थर लावा.

पट्टी बांधायची गरज नाही. पाठीवर ती टिकत नाही, आणि टिकावी म्हणून आवळली तर श्वास अडतो. उघडी ठेवा. पहिले चार दिवस रोज एकदा धुवा, नंतर दिवसाआड. तळाशी बारीक दाणेदार, ओलसर गुलाबी मांस दिसायला लागलं की आयोडीन बंद आणि चोळणंही बंद. ते मांस भरत वर येतं, मग कडेची कातडी दररोज थोडी थोडी आत सरकते. तळहाताएवढ्या जखमेला महिना-दीड महिना लागतो. टाके घालून घ्यावेत का, असं तुम्ही विचाराल. पहिल्या काही तासांत स्वच्छ केलेल्या जखमेला डॉक्टर घालतात. तीन दिवसांच्या, चावलेल्या जखमेला टाके घालणं म्हणजे घाण आत शिवून टाकणं.

पंखाचं जरा जपून. खांद्याजवळचं पंखाचं मोठं हाड कोंबडीत पोकळ असतं आणि ते थेट श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. तिथं हाड मोडून बाहेर आलं असेल आणि तुम्ही सिरिंजनं धार सोडलीत, तर पाणी फुफ्फुसाकडं जातं. अशा जागी नुसता ओला गॉज ठेवायचा. हाड बाहेर नसेल तर पंख बसल्यावर जसा मिटतो तसा मिटवून अंगाशी धरा आणि २ इंची क्रेप बँडेजनं बांधा. पट्टी दुखऱ्या पंखावरनं, पायांच्या पुढनं पोटाखालून, दुसऱ्या पंखाच्या खालून परत वर आणायची. दुसरा पंख मोकळा ठेवायचा. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. बांधल्यावर दहा मिनिटं समोर बसून बघा, चोच उघडली तर सैल करा. पक्ष्याचं हाड दोन-तीन आठवड्यांत जुळतं. त्याहून जास्त दिवस बांधून ठेवलं तर सांधा आखडतो आणि पंख कायमचा लोंबतो. नुसता मुका मार असेल तर काही न बांधता चार-पाच दिवसांतच पंख वर येऊ लागतो.

डॉक्टरकडं जायचंच आहे, आणि ते उद्यावर टाकू नका. चावलेल्या कोंबडीला अँटिबायोटिक पहिल्या दिवशीच मिळायला हवं होतं. आता भोकं सापडली तर ते टाळता येणार नाही. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात न्या. कोंबडी नेण्यासारखी नसेल तर पशुसेवेच्या १९६२ या फुकट नंबरवर विचारा. कोंबडीसाठी आलात म्हणून तिथं कुणी हसलं तर हसू दे. जाताना तिचं वजन करून जा. कापडी पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर होतं. औषधाचा डोस किलोवर ठरतो, अंदाजानं दिलेलं औषध कमी पडतं नाहीतर जास्त होतं. किती दिवस द्यायचं ते विचारून घ्या. पाच दिवस म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी कोंबडी टुणटुणीत दिसली तरी पाच दिवस पुरे करा.

दुखण्यावर औषध मागा, त्यानं ती खायला लवकर लागते. पण डायक्लोफिनॅक नको. माणसाच्या मेडिकलमध्ये ते सहज मिळतं आणि लोक कोंबडीला त्याचा तुकडा चारतात. त्यानं पक्ष्यांचे मूत्रपिंड बंद पडतात. गिधाडं मेली ती याच औषधानं आणि म्हणूनच २००६ साली जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम चालतं, डोस डॉक्टरांकडून घ्या.

अंड्याचं. हल्ल्यानंतर दिलेलं ते एक अंडं औषध सुरू व्हायच्या आधीचं आहे, त्यात औषध नाही. तरी कवच मऊ किंवा रक्ताळलेलं असेल तर टाका, धड असेल तर पूर्ण उकडून त्याच कोंबडीला चारा, तिला आज प्रोटीन हवंच आहे. औषध सुरू झाल्यावरची अंडी मात्र कुणी खायची नाहीत. औषध संपल्यावरही लगेच नाही, कारण बलक आठ-दहा दिवस आधीपासून भरत असतो आणि त्यात औषध साठतं. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक बदलतं, डॉक्टरांनी सांगितलेली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती अंडी पुरा. तसं पुढचे काही आठवडे ती अंडी घालणारच नाही, सगळं बळ कातडी भरण्यात जातं. अंड्यासाठी तिला डिवचू नका.

आता ठेवायचं कुठं आणि चारायचं काय. घरात, चुलीच्या धुरापासून लांब, पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यात ठेवा. खाली वर्तमानपत्र, त्याच्यावर जुनं सुती कापड, दिवसातनं दोनदा बदलायचं. भाताचं पिंजर घालू नका. पावसात ते दमट होतं, बुरशी धरतं आणि ती बुरशी फुफ्फुसात जाते. तुसाचे कण ओल्या जखमेला चिकटतात ते वेगळंच. खोक्याच्या एका टोकाला ऊब, दुसरं टोक मोकळं, म्हणजे गरम झालं तर ती सरकू शकते. उबेला ४० किंवा ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब लागतो. एलईडीनं उजेड पडतो, ऊब येत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खोक्यात हवा २८ ते ३० अंश असावी. करंट गेला तर लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा आणि दर दोन तासांनी बदला. पाय आणि तुरा हाताला गार लागत असेल तर ऊब कमी पडतेय. कोंबडीचं अंग एरवी ४१ अंशांच्या वर असतं, आपल्या हाताला ते चांगलं गरम लागलं पाहिजे.

खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. हे विसरू नका. मुंग्या रात्रीतनं जखमेत भरतात आणि पळता न येणाऱ्या कोंबडीला सकाळपर्यंत पोखरतात. वरनं मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा, माशीसाठी. माशीनं अंडी घातली की दिवसाच्या आत अळ्या फुटतात. बारीक पांढऱ्या तांदळाच्या कण्यांसारखा झुबका पिसांच्या बुडाशी चिकटलेला दिसला तर ती अंडीच, पिसांसकट कापून टाका. अळ्या पडल्याच तर चिमट्यानं एकेक वेचा, कोमट सलाईननं खिसा धुवा, पुन्हा वेचा. सहा-सहा तासांनी हेच करायचं, कारण लहान अळ्या पहिल्या खेपेला आत दडतात. गाईम्हशीच्या जखमेत सोडतात ते टर्पेंटाईन कोंबडीला वापरू नका, ते कातडीतनं अंगात भिनतं.

चारताना क्रम पाळा: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा. गार पडलेल्या कोंबडीच्या पोटात दाणा पचत नाही, मानेखालच्या पिशवीत तसाच आंबतो. पाण्यात दोन दिवस ओआरएस द्या. एक पुडी एका लिटरला, उरलेलं चोवीस तासांनी ओतून टाका. पुडी नसेल तर लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चोचीचं टोक वाटीत बुडवा, ती स्वतः उचलून पिते. चोच उघडून आत पाणी ओतू नका. कोंबडीच्या जिभेच्या बुडाशी जे भोक दिसतं तीच श्वासनळी, ओतलेलं पाणी पहिलं तिथं जातं. अगदीच पीत नसेल तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा आणि गिळल्यावरच पुढचा.

खायला उकडलेलं अंडं कुस्करून, सकाळी अर्धं आणि संध्याकाळी अर्धं. त्यात भिजवलेल्या कण्या किंवा मऊ शिजवलेला नाचणा मिसळा. मूग मोड आणून, ठेचून. सुकट असेल तर दोन पाण्यांतनं मीठ काढून थोडी चुरून घाला, वासानं तोंड उघडेल. वारुळाकडनं वाळवी आणता आली तर उपाशी कोंबडीसुद्धा ती सोडत नाही. नुसत्या जोंधळ्यावर किंवा तांदळावर कातडी भरत नाही, त्यात प्रोटीन कमी पडतं. दूध नको. ती एरवी दिवसाला शंभर ग्रॅमभर खाते, आता निम्मं गेलं तरी चालेल. रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा. दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं तर डॉक्टरांना सांगा. आणि सकाळी मानेखालची पिशवी चाचपा: रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. आंबूस वास आणि गुळगुळीत फुगवटा लागला तर दाणा बंद करून फक्त पाणी द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

काही खुणा दिसल्या तर वाट बघू नका. प्यालेलं पाणी छातीवरनं गळतंय म्हणजे दाण्याची पिशवी फाटलीय. ती शिवता येते, पण घरी नाही. कातडीखाली हवा भरून फुगा आला आणि दाबल्यावर कुरकुर वाजलं तर श्वासाची पिशवी फुटलीय. फुगा लहान असेल तर आपोआप बसतो, वाढत असेल तर डॉक्टर हवा काढतात. आतडं बाहेर आलंय, किंवा दोन्ही पाय लुळे आणि बोट चिमटलं तरी ओढत नाही, शीट आपोआप गळतेय, तर मात्र सासूबाईंचं म्हणणं खरं धरायचं. तेव्हाही मारणं दवाखान्यात झालेलं बरं, आणि ते मांस कुणी खायचं नाही. चावलेल्या, औषध टोचलेल्या कोंबडीचं मांस माणसालाही नको आणि ज्या कुत्र्यानं चावलं त्यालाही नको. त्याला ते मिळालं की तो परत येतो.

पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एवढंच, की कोंबडी आत्ताच वाचवून आणली असेल तर पहिल्या तासात धुणं, मलम, खाणं काही नाही. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ फडकं पाच मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. दीड किलोच्या कोंबडीत रक्त मोजून शंभर-सव्वाशे मिली, म्हणजे चहाचा कपभर. मग अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा आणि दोन तास झाकण उघडू नका. मुलं दर पाच मिनिटांनी डोकावून बघतात, तेवढ्या दचकण्यानंही शॉकमधली कोंबडी जाते.

तुमच्या हातांचंही बघा. पिसांना लागलेली लाळ ताजी असताना हाताला कापलं, खरचटलं असेल, किंवा सोडवताना तुम्हालाच दात लागला असेल, तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्यायची. तीन दिवस झाले म्हणून सोडू नका, आजच जा. कोंबडीकडून रेबीज होत नाही, तो कुत्र्या-मुंगसाच्या लाळेतनं होतो. इथनं पुढं जखम धुताना हातात स्वच्छ प्लॅस्टिक पिशवी चढवलीत तरी पुरे.

आलं कोण होतं? भर दुपारी, पाठीवर मोठी फाड, पिसं अंगणभर उधळलेली, यावरनं कुत्र्याचा संशय जास्त. कुत्रं पाठीला किंवा शेपटीकडं धरून झटकतं, त्यात कातडी सुटते. मुंगूसही दिवसाच येतं, पण ते मान आणि डोकं धरतं, आणि तलंगेपेक्षा पिल्लं-अंडी पळवतं. उदमांजर आणि रानमांजर बहुतेक रात्रीची. यातलं काहीही असलं तरी विष ठेवू नका, फास लावू नका. मुंगूस, रानमांजर, उदमांजर या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. भीमगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात, तिथली जनावरं परड्यापर्यंत येणारच. आणि विषानं आधी मरतं ते घरचं मांजर. खुराड्याला षटकोनी पातळ जाळी असेल तर ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, दातानं फाटते. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जाड तारांची चौकोनी जाळी, लावा आणि ती जमिनीवर बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच उकरतं, दीड फूट मागं जाऊन सुरुवात करावी हे त्याला सुचत नाही. हल्ला करून गेलेलं जनावर दोन-चार दिवसांत त्याच वेळेला परत येतं, तेव्हा बाकीच्या चार कोंबड्या हा आठवडा दुपारी डालग्याखाली झाका.

बरी होईपर्यंत तिला त्यांच्यात सोडू नका. लाल दिसलं की कोंबड्या टोचतात, मग ती बहीण असो की आई. जखमेवर पूर्ण कातडी आणि पिसांचे कोंब आले की खोकं परड्यात जाळीमागं ठेवा, आठवडाभर एकमेकींना दिसू द्या, आणि मग तिन्हीसांजेला खुराड्यात दांडीवर बसवून टाका. मुळापासनं उपटलेली पिसं दीड-दोन महिन्यांत परत येतात. अर्धी तुटलेली मात्र पुढच्या पिसं गाळण्यापर्यंत तशीच राहतात. तोवर कोंबडा तिच्यापासनं वेगळा ठेवा. तो चढताना नखं नेमकी पाठीवर रोवतो, आणि दीड महिन्यात भरलेली कातडी एका दुपारी परत फाटते. त्याच्या नखांची टोकं आणि पायाच्या आऱ्या बारीक कानशीनं बोथट करून घ्या, एवढ्यात तेही उरकून जाईल.